फोनच्या पडद्यावरचा आगंतुक

दुपारची वेळ आहे. आजोबा फोनवर पंचांग पाहत आहेत. एकादशी कोणत्या वारी येते एवढेच त्यांना हवे आहे. इतक्यात पंचांग झाकून टाकणारे एक चित्र पडद्यावर अवतरते. कोणत्या तरी खेळातील सोन्याची नाणी, खाली हिरवेगार बटण आणि कोपऱ्यात डोळे ताणून शोधावी लागेल अशी बारीकशी फुली. आजोबांचे बोट फुलीऐवजी तिच्या शेजारी पडते आणि भलतेच पान उघडते. मग घरातल्या नववीतल्या नातीला हाक जाते, "अगं, हे काय झालंय, बघ जरा!"

विद्यार्थी मित्रहो, ही हाक तुमच्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. तुम्ही जाता, फुली शोधता, जाहिरात घालवता आणि फोन परत देता. दहा मिनिटांनी पुन्हा हाक येते. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवावी, तसा हा उपाय झाला. घटकाभर बरे वाटते, पण ताप कशाने आला ते काही कळत नाही.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा. जाहिरात हवेतून येत नाही. फोनमधील कोणती तरी आज्ञावली ती पडद्यावर मांडत असते, आणि तसे करण्याची मुभा तिला कोणी तरी दिलेली असते. बहुधा फोनच्या मालकानेच, न वाचता 'होय' दाबून! ती आज्ञावली कोणती, हे शोधायची रीत तुम्हाला प्रयोगशाळेत शिकवलेलीच आहे: आधी निरीक्षण, मग तर्क आणि शेवटी प्रयोग.

खिडकीचा जन्म

प्रथम थोडा इतिहास पाहू. इंटरनेटच्या पानांवर जाहिरातीची आडवी पट्टी झळकू लागली ती १९९४ च्या ऑक्टोबरात. अमेरिकेतील 'हॉटवायर्ड' या नियतकालिकाच्या पानावर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची जाहिरात होती. पण ही पट्टी बापडी पानावर आपल्या जागी बसून राही. वर्तमानपत्रातील जाहिरात बसते तशी.

पुढच्याच वर्षी नेटस्केप कंपनीने ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट नावाची संगणकभाषा आणली. तिच्यामुळे पानाला ब्राउझरकडून कामे करवून घेता येऊ लागली. 'एक नवी खिडकी उघड' हे त्यांतलेच एक काम. त्या सुमारास ईथन झुकरमन नावाचे एक तरुण 'ट्रायपॉड' या संकेतस्थळासाठी काम करत होते. लोकांना स्वतःची पाने तयार करण्यासाठी तेथे फुकट जागा मिळे. खर्च भागे जाहिरातींवर. एकदा असे झाले, की एका मोटार कंपनीची जाहिरात एका अश्लील पानावर झळकली आणि कंपनी संतापली. तोडगा म्हणून झुकरमन यांनी जाहिरात पानावर न ठेवता वेगळ्या छोट्या खिडकीत उघडणारी आज्ञावली लिहिली. त्यामुळे जाहिरात आणि पान यांचा संबंध उरला नाही. पुढे २०१४ साली 'द अटलांटिक' या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी या शोधाबद्दल जाहीर क्षमा मागितली. हेतू वाईट नव्हता, असे त्यांनी सांगितले. एका जाहिरातदाराची लाज राखायला निघालेली खिडकी अशी साऱ्या जगाच्या डोक्यावर बसली!

खिडक्यांचा सुळसुळाट झाल्यावर ब्राउझर बनवणाऱ्यांनी एक साधा नियम केला. माणसाने पानावर कोठे तरी दाबले असेल तरच नवी खिडकी उघडायची. पान आपल्या मनाने उघडू पाहील तर तिला अडवायचे. २००४ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या ब्राउझरमध्ये ही सोय केली. काही छोट्या ब्राउझरांत ती त्याआधीच होती. आज तुमच्या फोनमधील ब्राउझरही हेच करतो. मग तरीही जाहिराती येतात कशा? नदीला बांध घातला की पाणी बाजूने वाट काढते. येथेही तसेच झाले. वाटा कोणत्या ते पाहण्यापूर्वी, पाण्याला एवढा जोर कशाचा, ते पाहू.

फुकटाचे गणित

ॲपची किंमत शून्य रुपये. मग ते बनवणाऱ्याचे पोट कशावर भरते? जाहिरातीचा भाव सामान्यतः दर हजार दर्शनांमागे ठरतो. समजा, हा भाव २० रुपये आहे. एक ॲप ५ लाख फोनांत बसले आहे आणि प्रत्येक फोनवर ते दिवसाला ४० जाहिराती दाखवते. म्हणजे रोजची दर्शने २ कोटी, म्हणजेच २० हजार वेळा एक हजार. गुणाकार करा. रोजचे ४ लाख रुपये झाले! आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण चुकीच्या जागी, भलत्या वेळी जाहिरात मांडण्याचा मोह का होतो ते यावरून कळेल. आजोबांचे बोट फुलीवरून घसरले तर आणखीच फायदा, कारण नुसत्या दर्शनापेक्षा दाबण्याला भाव जास्त मिळतो. फुली बारीक का असते, याचे उत्तर हे असे गणितात आहे.

जाहिरातीची ही जागा विकली जाते तीही मौजेच्या पद्धतीने. बऱ्याचदा तुमच्या पडद्यावरील रिकाम्या चौकटीचा चक्क लिलाव होतो. बोली लावणारे म्हणजे संगणक. सारा लिलाव साधारण एक दशांश सेकंदात आटोपतो. पापणी लवायलाही तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ लागतो! बोली लावताना उपयोगी पडावी म्हणून फोनबद्दलची माहिती पुरवली जाते: तो कोणत्या गावाच्या आसपास आहे, कोणते ॲप चालू आहे, इत्यादी.

ही माहिती कशी गोळा होते त्याचा एक गाजलेला नमुना अमेरिकेत २०१३ साली उघड झाला. 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचे एक विजेरीचे ॲप होते. कोट्यवधी लोकांनी ते घेतले होते. ते फोनचा ठावठिकाणा आणि त्याचा ओळखक्रमांक जाहिरात कंपन्यांना कळवी. मालक 'मान्य' की 'अमान्य' यांतले काही दाबण्यापूर्वीच माहिती रवाना झालेली असे! तेथील व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली. अँड्रॉइड फोनमध्ये तर २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून विजेरीची सोय मुळातच आहे. तरीही विजेरीसाठी वेगळे ॲप उतरवून घेणे म्हणजे परसात विहीर असताना पाणी विकत आणणे होय.

आगंतुक कोणत्या दाराने आला?

आता निरीक्षणाकडे वळू. जाहिरात आली की लगेच फुली दाबू नका. क्षणभर थांबून तिच्याकडे नीट पाहा. ती कोणत्या दाराने आली, हे तिच्या रूपावरून बरेचसे ओळखता येते.

पडद्याच्या वरच्या कडेने एक पट्टी खाली सरकली, 'टिंग' असा आवाज झाला आणि पट्टीवर बारीक अक्षरांत ब्राउझरचे व एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचे नाव दिसले, तर आगंतुक सूचनांच्या दाराने आला आहे. सूचना म्हणजे नोटिफिकेशन. क्रोम ब्राउझरने २०१५ साली संकेतस्थळांना अशा सूचना पाठवण्याची सोय दिली. बातम्या, क्रिकेटचा धावफलक यांसाठी ती चांगलीच उपयोगी आहे. पण तिच्यासाठी एकदा 'अनुमती द्या' दाबावे लागते, आणि ते दाबून घेण्यासाठी लबाड पाने नाना युक्त्या करतात. "तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अनुमती द्या", "चित्रपट सुरू करण्यासाठी अनुमती द्या", असे काहीबाही तेथे लिहिलेले असते. चित्रपटाचा आणि अनुमतीचा काडीचाही संबंध नसतो. एकदा दाबले की ते पान बंद केल्यावरही सूचना येतच राहतात. अनेकांना वाटते की फोनला विषाणूची बाधा झाली. प्रत्यक्षात फोन सांगितलेले काम इमानाने करत असतो!

यावर उपाय सोपा आहे. त्या पट्टीवर बोट काही वेळ दाबून धरा. सूचना बंद करण्याचा पर्याय पुढे येतो. किंवा ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'साइट सेटिंग्ज' आणि तेथे 'सूचना' उघडा. अनुमती मिळवून बसलेल्या संकेतस्थळांची यादी दिसेल. ही यादी आजोबांना वाचून दाखवा. "ही नावे मी आयुष्यात ऐकली नाहीत," असे ते म्हणतील. जी नावे अनोळखी असतील त्यांची अनुमती काढून घ्या.

दुसरे दार जास्त त्रासाचे आहे. कोणतेच ॲप उघडलेले नसताना, फोनचे कुलूप काढताक्षणी किंवा एखादा कॉल संपताच संपूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात आली, तर ती फोनमध्ये बसलेले कोणते तरी ॲप दाखवत आहे असे समजावे. अँड्रॉइडमध्ये 'इतर ॲप्सवर दिसणे' अशा अर्थाची एक खास परवानगी असते. ती ज्याच्याकडे असेल ते ॲप दुसऱ्या ॲपच्या डोक्यावर आपली चौकट मांडू शकते. हिचे चांगले उपयोगही आहेत. अनोळखी क्रमांक कोणाचा हे सांगणारी ॲप्स कॉल येताच नावाची चौकट दाखवतात, ती हिच्याच जोरावर. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, पडद्याआड असलेल्या ॲपने एकाएकी पुढे येऊ नये असा निर्बंध आला. पण त्या निर्बंधाला जे अपवाद आहेत, त्यांत ही परवानगी मिळवलेली ॲप्सही येतात!

येथे जरा गंभीर व्हायला हवे. जी परवानगी जाहिरात दाखवू शकते, तीच बँकेच्या ॲपवर खोटी चौकटही मांडू शकते. वरून बँकेच्या चौकटीसारखीच दिसणारी, पण तुम्ही टाइप केलेला गुप्त क्रमांक चोराकडे पोचवणारी. बँकेचे पैसे लुटणाऱ्या काही घातक ॲप्सनी हीच युक्ती वापरलेली आहे. म्हणून जाहिरातीचा त्रास नुसता कंटाळवाणा समजून सोडून देऊ नये. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'विशेष ॲप ॲक्सेस' उघडले की या परवानगीची यादी सापडते. फोनाफोनांत शब्द थोडे बदलतात. सापडले नाही तर सेटिंग्जच्या शोधपेटीत 'इतर ॲप्सवर' एवढे लिहून पाहा. खेळ, विजेरी, भिंतचित्रे, फोन साफ करणारे ॲप यांपैकी कोणाला ही परवानगी कशाला हवी? ती काढून घ्या. तेथेच 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची सेवाही तपासा. अंध व्यक्तींना पडदा वाचून दाखवण्यासारख्या कामांसाठी ती असते. ती मिळालेले ॲप पडद्यावरील मजकूर वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. अनोळखी ॲपकडे ती दिसली तर ते ॲप आधी काढून टाका.

जाहिरात फक्त ब्राउझरमध्ये एखादे ठरावीक पान उघडल्यावरच येत असेल, तर दोष त्या पानाचा. ते पान बंद करावे आणि पुन्हा तिकडे फिरकू नये, एवढेच.

खेळ खेळत असताना दोन डावांच्या मध्ये त्याच खेळात जाहिरात येते, तिला मात्र आगंतुक म्हणता येणार नाही. फुकट ॲपचे ते भाडे आहे. नको असेल तर ॲप काढावे किंवा पैसे भरावेत. काही कंपन्यांच्या फोनमध्ये कुलूपबंद पडद्यावर कंपनीच स्वतः जाहिराती दाखवते. त्या बंद करण्याची कळ सेटिंग्जमध्ये शोधावी लागते. विकत घेतलेल्या वस्तूवर विकणाऱ्यानेच जाहिराती चिकटवाव्यात, हे मला स्वतःला मुळीच पटत नाही. आयफोनमध्ये ॲपला दुसऱ्या ॲपवर अशी चौकट मांडता येत नाही. तेथे लबाड पाने दिनदर्शिकेत खोटे कार्यक्रम घुसवतात. त्या दिनदर्शिकेची वर्गणी रद्द केली की ते जातात.

वायरमनची युक्ती

समजा, यादी तपासूनही गुन्हेगार ॲप सापडत नाही. मग काय करायचे? घरातला फ्यूज वारंवार उडू लागला तर वायरमन काय करतो ते आठवा. तो आधी सगळी बटणे बंद करतो. मग एकेक चालू करत जातो. ज्या बटणाला फ्यूज उडेल तेथे दोष!

फोनमध्ये याच कामासाठी 'सेफ मोड', म्हणजे सुरक्षित अवस्था, दिलेली असते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बंद करण्याची कळ दाबून धरली आणि पडद्यावर येणाऱ्या 'बंद करा' या पर्यायावर पुन्हा बोट दाबून धरले, की ही अवस्था विचारली जाते. या अवस्थेत फोन नव्याने सुरू होतो तेव्हा त्याच्याबरोबर मुळात आलेली ॲप्सच तेवढी चालतात. तुम्ही घातलेली सगळी झोपी जातात. पुसली मात्र जात नाहीत. मुख्य पडद्यावरील घड्याळ, हवामान अशा काही चौकटी हलण्याचा संभव असतो, म्हणून आधी पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

आता अर्धा-एक तास फोन नेहमीसारखा वापरा. जाहिरात आली नाही, तर निष्कर्ष काय? दोष नंतर घातलेल्या एखाद्या ॲपचा असला पाहिजे. आली, तर ब्राउझरच्या सूचना किंवा फोनबरोबर आलेले ॲप यांच्यावर संशय घ्यावा. प्रयोगशाळेत एकच गोष्ट बदलून बाकी सारे तसेच ठेवतात आणि फरक पडतो का ते पाहतात. हा तोच प्रकार आहे.

यानंतर फोन पुन्हा साध्या अवस्थेत आणा. त्रास कधीपासून सुरू झाला ते आजोबांना विचारा आणि त्या सुमारास आलेली ॲप्स एकेक करून काढा. प्रत्येक वेळी फोन बंद करून चालू करा आणि वाट पाहा. घाईने दहा ॲप्स एकदम काढली तर जाहिरात जाईल खरी, पण अपराधी कोण होता ते कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तेच ॲप पुन्हा घरात येईल. जाहिरात पडद्यावर असतानाच अलीकडील ॲप्स दाखवणारे बटण दाबले तर ती दाखवणाऱ्या ॲपचे चिन्हही कित्येकदा दिसते. कित्येकदा म्हटले, नेहमी नाही! का, ते पुढील हकिगतीवरून कळेल.

चिन्ह गेले, चोर राहिला

२०१९ च्या ऑक्टोबरात 'ईसेट' या संगणकसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी गूगलच्या प्ले स्टोअरमधील ४२ ॲप्सचे एक कुटुंब उजेडात आणले. सगळी मिळून सुमारे ८० लाख वेळा उतरवून घेतली गेली होती. ही ॲप्स सांगितलेले काम खरोखर करीत. शिवाय पडदाभर जाहिरातीही दाखवीत. त्यांच्या युक्त्या वाचून त्यांच्या कर्त्याच्या बुद्धीचे कौतुक करावे की कीव, असा प्रश्न पडतो.

नवे ॲप तपासणारा माणूस किंवा यंत्र त्यावर सहसा थोडाच वेळ घालवतो. म्हणून फोनचे कुलूप काढल्यावर पहिली जाहिरात चक्क २४ मिनिटांनी दाखवायची, अशीही व्यवस्था त्यांत आढळली. एवढ्या वेळाने आलेल्या जाहिरातीचा संबंध त्या ॲपशी कोण जोडणार? फोन गूगलच्याच तपासनिसांचा आहे असा संशय आला तर ॲप शहाण्यासारखे गप्प बसे. मालकाने अलीकडील ॲप्सचे बटण दाबले तर तेथे फेसबुक किंवा गूगलचे चिन्ह दिसे! आणि सर्वांत नामी युक्ती अशी, की ॲप आपले खरे चिन्ह लपवून त्याच्या जागी नुसता आडमार्ग, म्हणजे शॉर्टकट, ठेवी. मालक वैतागून ते चिन्ह ओढून टाकून देई. चिन्ह जाई, ॲप पडद्यामागे आपले चालूच!

म्हणून ॲप काढायचे ते सेटिंग्जमधील 'सर्व ॲप्स' या यादीतून. यादी सावकाश वाचा. नाव कोरे असलेले, किंवा 'सेटिंग्ज'सारखे सरकारी थाटाचे नाव घेऊन दुसऱ्यांदा आलेले ॲप संशयास्पद समजावे. संशोधकांनी माग काढला तेव्हा या ४२ ॲप्सचा कर्ता व्हिएतनाममधील एक विद्यापीठीय विद्यार्थी निघाला. गूगलने ती ॲप्स काढून टाकली. पुढे २०२० च्या फेब्रुवारीत अशाच आगंतुक जाहिरातींसाठी गूगलने आणखी सुमारे ६०० ॲप्स काढली. तेव्हा 'प्ले स्टोअरमधले आहे, म्हणजे चांगलेच असणार' हे गृहीतक थोडे तपासूनच वापरावे. प्ले स्टोअरमध्ये 'प्ले प्रोटेक्ट' नावाची तपासणी आहे. ती चालू असावी. मित्राने संदेशातून थेट पाठवलेली ॲपची फाइल उघडून बसवणे त्याहून कितीतरी धोक्याचे.

भीतीची जाहिरात

"तुमच्या फोनमध्ये १३ विषाणू आढळले! २ मिनिटांत उपाय न केल्यास सर्व माहिती नष्ट होईल!" लाल पडदा, उलटे मोजणारे घड्याळ आणि कधी कधी फोन थरथरतोही. हे वाचून मोठी माणसेही गडबडतात. पण विचार करा. ब्राउझरमधील पानाला तुमच्या फोनमधील फाइली किंवा इतर ॲप्स तपासता येतात का? येत नाहीत. ब्राउझर पानाला त्याच्या चौकटीबाहेर जाऊ देत नाही. मग त्या पानाला फोनचे मॉडेल आणि गावाचे नाव कसे कळले? पान मागवताना फोनविषयी थोडी माहिती ब्राउझरच देत असतो, आणि इंटरनेटवरील पत्त्यावरून गावाचा अंदाज करता येतो. नाटकवाल्या ज्योतिष्याने तुमच्या पिशवीवरील दुकानाचे नाव वाचून "तुम्ही साताऱ्याचे" म्हणावे, त्यातलाच हा प्रकार! पान बंद करा. त्याने सुचवलेले 'सफाई' करणारे ॲप तर मुळीच घेऊ नका. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी निघालेल्या मार्गदर्शक नियमांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ रीती नमूद केल्या आहेत. विषाणूची खोटी भीती घालून पैसे उकळणे ही त्यांतली एक आहे.

एखाद्याने घाबरून पैसे भरलेच असतील किंवा बँकेचा गुप्त क्रमांक दिला असेल, तर तासन् तास विचार करत बसू नये. बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते. अशा वेळी घरातल्यांनी रागावू नये. रागाच्या भीतीने माणूस दोन दिवस गप्प राहतो, आणि चोराला हवे असते तेच.

करून पाहा

घरातील एका फोनवर तीन दिवस नजर ठेवा. आधी फोनच्या मालकाची संमती घ्या. संदेश आणि छायाचित्रे यांना हात लावायचा नाही. एका वहीत चार रकाने आखा: जाहिरात आली ती वेळ, त्या क्षणी पडद्यावर काय चालू होते, जाहिरात वरून पट्टीसारखी आली की पडदाभर, आणि तिच्यावर किंवा अलीकडील ॲप्समध्ये कोणाचे नाव दिसले. तीन दिवसांनंतर रकाने वाचून अपराधी कोण असावा याचा तर्क लिहा, आणि मगच सेटिंग्ज उघडून तो तपासा. तर्क चुकला तर तेही लिहा.

शिक्षकांनी वर्गातील सर्व वह्यांचा मिळून एक तक्ता करावा. सूचनांचे दार, ॲपचे दार आणि पानाचे दार, यांपैकी आपल्या गावात सर्वांत जास्त वापरात कोणते आहे ते त्यावरून दिसेल. तक्त्यात फोनच्या मालकाचे नाव लिहू नये, नुसता क्रमांक द्यावा.